एक तारखेपासून बंद

"शेपूट घातलं! अगं, शेपूट घातलं कंपनीने!" स्तंभलेखक मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात शिरला.

बायको ओट्याशी शेंगा मोडत उभी होती. टेबलाशी त्याचे वडील रविवारचं शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. करणार तरी कशी? त्यांच्या कानातलं मशीन एक तारखेपासून बंद होतं, आणि आज सतरा तारीख होती.

कंपनीचं पत्र वडिलांच्याच नावाने आलं होतं. दरमहा वर्गणी भरा, नाहीतर एक तारखेपासून तुमचं मशीन आम्ही इथूनच बंद करू. विकत घेतलेलं मशीन! माणसाच्या कानात बसवलेलं! स्तंभलेखकाचं डोकंच फिरलं. तो तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर दर आठवड्याला लिहायचा आणि कंपन्यांची सालटी काढायचा, पण या वेळी त्याने जे लिहिलं ते खरोखरच जहाल होतं. 'या कंपन्यांना म्हातारी माणसं म्हणजे अडगळ वाटते. कोपऱ्यात ढकलायची आणि वरून दार लावून घ्यायचं!' लेख या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला. अनोळखी माणसांनी त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवला. एका बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

वर्गणी मात्र त्याने भरली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. त्याऐवजी एक पाटी आणली. 'जेवायला चला.' 'गोळी घेतली का?' वडील पाटी वाचायचे आणि मान डोलवायचे. तक्रारीचा एक शब्द नाही. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते ते. अख्ख्या शहराची भांडणं, लफडी आणि रडारड त्यांच्या कानांवरून गेली, पण घरी येऊन त्यांनी त्यातला चकार शब्द कधी काढला नाही.

आणि खरं सांगायचं तर, घर कसं मोकळं झालं! एरवी वडिलांविषयी काही बोलायचं तर नवराबायकोला जिन्यात जाऊन कुजबुजावं लागायचं. आता सगळं टेबलावरच, जेवता जेवता. वृद्धाश्रमाचा अर्ज इथेच भरला, त्यांच्या समोर. मग त्यांच्या खोलीत स्तंभलेखकाचं लिहिण्याचं टेबल कुठे ठेवायचं, तेही इथेच ठरलं. मंगळवारी बायको म्हणाली, यांचा तो खोकला ऐकला की मला घास उतरत नाही. बुधवारपासून ते खोकायला गॅलरीत जायला लागले. "बरे शहाणे झालेत हो हल्ली," ती म्हणाली. तेही त्यांच्या समोरच.

उद्या सकाळी नऊला वृद्धाश्रमाची गाडी येणार होती. पाटीवर लिहायचं होतं, 'डोळे तपासायला जायचंय.' बाकीचं तिथे पोचल्यावर तिथल्या बाई समजावणार होत्या. त्यांना सवय असते म्हणे.

"अहो, नुसते नाचताय काय? वाचा तरी," बायको म्हणाली.

त्याने घसा खाकरला. "'ग्राहकांच्या भावना लक्षात घेऊन वर्गणीचा निर्णय आम्ही रद्द केला आहे.' भावना म्हणे! यांना भावना कधी फुटल्या? माझ्या लेखाने नाक कापलं म्हणून सांगा ना सरळ! आणि पुढे ऐक. 'हा निर्णय गेल्या महिन्याच्या अखेरीसच झाला होता.' बघ, बघ लबाडी! मागच्या दाराने पळाले आणि आज सांगतायत! 'त्यामुळे एक तारखेपासून आजपर्यंत एकाही ग्राहकाचं श्रवणयंत्र एक मिनिटसुद्धा बंद...'"

त्याने ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

बायकोच्या हातातली शेंग मोडायची राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी टेबलाकडे पाहिलं. वडील पेन्सिलीने एकेक चौकोन भरत होते, अगदी सावकाश.

स्तंभलेखक दाराशीच खिळून उभा होता. तो ओठांतल्या ओठांत, जेमतेम आवाज काढत पुटपुटला, "बाबा, चहा घेणार?"

"अर्धा कप," वडील म्हणाले.

बायकोने ओट्याची कड घट्ट धरली. चहाचं आधण ठेवायचं तिला सुचलंच नाही. जिन्यातली कुजबूज सोडून सतरा दिवसांत दोघं जे जे मोकळेपणाने बोलले होते, ते सगळं एकदम स्तंभलेखकाच्या अंगावर आलं. तो अर्ज, ती खोली, उद्याची गाडी. आणि तो खोकला! लाजेने त्याला कुठे बघावं कळेना. मग अडचणीत सापडल्यावर तो नेहमी जे करायचा, तेच त्याने केलं. तो कंपनीवर तुटून पडला.

"नालायक आहेत हे लोक, बाबा! अट्टल चोर! सतरा दिवस सगळ्यांना अंधारात ठेवलं! अरे, माणसासारखी माणसं आहेत समोर, सांगायला काय तोंड शिवलं होतं? मी सोडणार नाही यांना. या आठवड्यात असा लेख लिहितो की..."

वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. लाइन जोडून देताना बोलत असतील, तितक्याच सौम्यपणे ते बोलले.

"कंपनीला शिव्या देऊ नकोस. माझं काय करायचं ते ठरवल्यावर तिने मला आधी पत्र तरी पाठवलं होतं."