वाटीभर कट

पहाटे रिकाम्या पोटी, चव पारखायला वाटीभर झणझणीत कट प्यायल्याशिवाय आबा मिसळीचं दुकान उघडत नसत. छातीत जळजळलं, की सोडा प्यायचे.

नुकतीच डॉक्टर झालेली लेक म्हणाली, “आबा, पोटातलं आम्ल वर घशाशी येतंय. रिकाम्या पोटी कट बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही.” तिनं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या.

“आता पोरगी शिकवणार मला!” आबा फणकारले. पण महिन्याभरात जळजळ थांबली. कट वासावरून पारखायलाही ते शिकले.

आज नेहमीच्या गिऱ्हाइकानं छाती चोळत जादा कट मागितला. आबांनी पळी मागं घेतली. “आधी डॉक्टरला दाखवा.”

“कुणाला?”

“आमच्या डॉक्टरीणबाईंना. मी त्यांचा पहिला पेशंट!”