शिवलेला डबा

प्रयागबाईने आणलेला डबा शिवलेला होता. स्टीलचा डबा, त्यावर मांजरपाट, आणि मांजरपाटाला चहूबाजूंनी अशी बारीक टीप, की मुंगीलाही आत शिरायचं तर अर्ज करावा लागला असता. उद्या दुबईला निघालेल्या सोजरबाईने तो हातात घेतला नाही. खाटेवर ठेवायला सांगितला आणि जरा मागे सरून पाहिला.

"काय हाये त्याच्यात?"

"डिंकाचे लाडू. माही वर्षाराणी बायंतीन झाली ना तिकडं दुबईले. तिच्यापाशी कोनीच नाही. तेवढे पोचते करा, बाई."

सोजरबाईचा संशय साऱ्या इंझोरीला ठाऊक. कोंबडी अंड्यावर बसली, तर तिला उठवून अंडं तिचंच आहे का ते पाहणारी ही बाई. त्यात प्रयागबाईच्या आणि तिच्या वावराचा धुरा, म्हणजे मधला बांध, एक. त्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाची यावरून दोघींचा अबोला इतका जुना, की मधल्या काळात बाभूळ वाळली, मोडली, कोणाच्या तरी चुलीत जळूनही गेली. भांडण मात्र हिरवंगार. अशी बाई आज आपण होऊन पायरी चढली, तीही विमानाच्या आदल्या दिवशी!

शिवाय मंगरूळपीरच्या मिटिंगमध्ये टूरवाल्या योगिनीताईने सगळ्यांना बजावलं होतं. बॅग आपली आपणच भरायची. नवरा-बायकोचे कपडे दोन्ही बॅगांत वाटून टाकायचे, म्हणजे एक बॅग हरवली तरी लाज झाकायला काहीतरी उरतं. गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी. दुसऱ्याचं पुडकं न्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि खसखस तर दाणाभरही नाही; तिकडे ती अफूतच धरतात आणि सरळ आत टाकतात. ते ऐकून आल्यापासून सोजरबाईने घरातली खसखस गोठ्यात नेऊन ठेवली होती, आणि आता म्हशीकडेही ती जरा बिचकूनच बघत होती.

"खसखस टाकली काय?"

"नाही टाकली. तिकडं चालत नाही ना ते."

"तुले कसं माईत?"

"वर्षीनंच सांगतलं फोनवर."

सोजरबाई नवऱ्याकडे वळली. "आयकलं? हिले माईत हाये. सापडली तं आत टाकते, हे हिले पक्कं माईत हाये!"

रामकिसन बॅगेवर बसून तिची चेन ओढत होता. "अवो, लाडूच तं हायेत."

"लाडू हायेत तं शिवले कायले?"

"सांडू नये म्हनून," प्रयागबाई म्हणाली.

"सांडाले ते तेल हाये काय?"

प्रयागबाईने डबा उचलला, टीप दाताने तोडली आणि झाकण काढलं. तूप आणि सुंठेचा वास ओसरीभर झाला. सोजरबाईने परात आणली, चष्मा चढवला आणि पहिला लाडू फोडला. रामकिसनला मोबाइलचा उजेड धरायला लावलं.

"हे पांढरं काय?"

"डिंक."

"अन् हे?"

"खोबरं."

"अन् हे बारीकसं?"

"तो तुया चष्म्यावरचा डाग हाये, बाई."

सोजरबाईने चष्मा पुसला. डाग गेला, संशय नाही गेला. एका लाडवात नसली म्हणून दुसऱ्यात नसेल कशावरून? तिने दुसरा फोडला. मग तिसरा. मग ओळीने सगळेच. चुरा बोटांनी चाळला, चिमटीत धरून उन्हाकडे केला, हुंगला. प्रयागबाई उभी होती तिथेच उभी राहिली.

"गरम गरम वळा लागते ते," एवढंच ती बोलली. "हात पोयते."

परातीत ढीग झाला. त्या ढिगात खसखशीचा एक दाणा निघाला नाही.

सोजरबाई ओशाळली. पण तिचं ओशाळणंही अंगावर धावून येणारं. "मंग? पाहू नये काय मानसानं? परमुलकात जानं हाये, इथं बाजारात नाही!" असं म्हणत तिने आत जाऊन आपल्या घरचं तूप तापवलं, चुऱ्यावर ओतलं आणि बसली लाडू वळत. हात खरंच पोळत होते. प्रत्येक लाडू ती वळून, फिरवून, पुन्हा वळून डब्यात ठेवत होती.

प्रयागबाईने पापणी हलवली नाही. तुपाच्या भांड्याकडे पाहिलं. सोजरबाईच्या बोटांकडे पाहिलं, मग नखांकडे. लाडू डब्यात जाता जाता मध्येच कुठे पदराआड गेला, की तीही मान तिकडे वळवायची.

"तुयाहून गोल झाले पाय," सोजरबाई म्हणाली. तिने स्वतःच सुई-दोरा काढला, मांजरपाटाला पुन्हा टीप घातली आणि डबा उचलून बॅगेवर ठेवला. "जाय आता बिनघोर. आमी पोचते करतो. पोरगी घास तोंडात घेईन तवा मले दुवा देईन."

प्रयागबाईने बॅगेवरचा डबा काढून घेतला.

"अवं, काहून? आता तं काहीच नाही त्यात. म्या सोता पाह्यलं!"

"अन् पोरीले काय द्याचं मंग, वैनी?" रामकिसनने विचारलं. मोबाइलचा उजेड त्याच्या हातात अजून चालूच होता.

प्रयागबाई पायरी उतरली. खाली जाऊन थांबली.

"घरून निंगाली तवा याच्यात काय हाये ते मले माईत होतं."