स्वच्छ फणी

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, आणि नेमक्या त्याच आज दवाखान्यात सोबत आल्या होत्या. सून अंग चोरून बसली. बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गळायला लागले होते. गेल्या खेपेला ती याच खुर्चीत रडली होती.

"आता कसं आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"औषध लागू पडलं," सून म्हणाली. "फणी स्वच्छ, उशी स्वच्छ, मोरीच्या जाळीवर एक केस दिसत नाही."

डॉक्टरबाईंनी तिच्या भांगातून बोट फिरवलं. "रोज थोडेफार केस तर धडधाकट माणसाचेही गळतात. एकही दिसत नाही, हे कसं?"

सून गोंधळली. सासूबाई मात्र एकाएकी पंख्याकडे बघू लागल्या. पेला जागेवर दिसला नाही तरी दिवसभर बोलणारी बाई आता गप्प होती.

"आई?"

"मीच वेचते सगळे. उशीवरचे तू उठायच्या आत, फणीतले तुझी वेणी घालताना, मोरीतले तुला न्हाऊ घालताना," त्या फणकारल्या. मग डॉक्टरबाईंकडे वळल्या. "काय करू? केस दिसले की ही रडत बसते. रडली की ताट बाजूला सारते. आणि पोटात अन्न नसेल तर डोक्यावर केस काय आभाळातून पडणार आहेत?"