चाड्यावरची मूठ

सरांनी आईच्या खांद्यावर शाल टाकली आणि माईक तिच्या हातात दिला. मागच्या पडद्यावर लिहिलं होतं, ‘शेतीचा शब्दकोश, सुधारित दुसरी आवृत्ती’. खाली एकट्या सरांचं नाव.

पहिल्या आवृत्तीतले निम्मे शब्द आईचे होते. पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई ती, तिच्या मुठीतून दाणा कधी दाट-पातळ पडला नाही. ‘पात’ म्हणजे कांद्याची पानं, पण खुरपताना बाईच्या वाट्याला येणारा पट्टाही पातच, असले बारकावे तिनेच सांगितले. प्रस्तावनेत सरांनी कुलगुरूंचे आभार मानले, बायकोचे मानले. आई तिथे ‘एक निरक्षर मजूर स्त्री’ होती. मी वाचून दाखवलं, तेव्हा तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

गेल्या वर्षी सर परत आले. आईने चहा केला आणि चार दिवस शब्द सांगितले. सर ओसरीवर बसून लिहून घेत राहिले. पडताळून बघायला एकदाही शिवारात गेले नाहीत.

आता आईने माईक तोंडाशी नेला.

“ह्या पुस्तकात अकरा शब्द खोटे हायेत. म्याच रचले, अर्थासकट.”

सर घाईघाईने पानं उलटू लागले. “कोणते, कौसाबाई?”

आईने शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली.

“ज्याचं नाव पुस्तकावर हाय, त्यानं निवडून काढावं.”