तारांवर गंज नव्हता

पेटीत एक गिटार होती, तारा छेडायची दोन प्लेक्ट्रम आणि एक कॅसेट. गिटारला सहा तारा, कॅसेटवर सात गाणी. तारांवर गंज नव्हता.

"इतक्या वर्षांत तारा गंजायला हव्या होत्या," फिरदोस म्हणाली.

"पेटी चांगली हाय," मकदूम मामूंनी चहात खारी बुडवली. "आणि ह्या कॅसेटातल्या संगीताला तुमी ग्रंज म्हणता. आमच्या गल्लीत गंजच म्हणायचे. 'ए गंजवाले, बंद करा की!'"

फिरदोस हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. पुण्याच्या संगीत महोत्सवाला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मामूंनी होकार दिला, तर 'धोटा' पहिल्यांदाच लोकांसमोर वाजणार होता.

'धोटा' म्हणजे नव्वदच्या दशकातला सोलापूरचा बँड. ड्रम्सवर विरेशअण्णा, गिटारवर मामू. विरेशअण्णांच्या घरच्या टॉवेलच्या कारखान्यात, माग बंद असायचे त्या दिवशी, मामूंनी स्वतः जुळवलेल्या टेपवर त्यांनी ही एकच कॅसेट रेकॉर्ड केली. कव्हरवर फोटो नव्हता, नुसता मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा ठसा, आणि खाली 'गाणी, गिटार, आवाज : एम.' एवढंच. दोन-तीन कॉलेजांनी बोलावलं, पण ऐन वेळी मामू आजारी पडत. पुढं अम्मीचं लग्न निघालं आणि त्या धावपळीत बँड मोडला तो मोडलाच.

मग मामूंनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे येऊ लागल्या. अब्बा गेल्यावर अम्मी फिरदोसला घेऊन भावाकडं राहायला आली. मामूंच्या खोलीला ओल होती, म्हणून गिटारची पेटी अम्मीच्या कपाटावर असायची.

गेल्या वर्षी कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली आणि पोरं वेडी झाली. इतका संथ, इतका खोल आवाज आपल्याकडं होता आणि आपल्याला पत्ताच नाही, असं जो तो लिहू लागला.

"मामू, काय कळवू?"

"विचारून सांगतो म्हटलं न्हवं?"

"आठ दिवस तेच सांगताय. कुणाला विचारायचंय?"

"ज्याचं देणं, त्याला."

स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज आला, "कायकू सतवती गे त्यांना? उठ, भाकरी झाली."

अम्मी तव्यावरची भाकरी डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी उलटत होती. त्या बोटांना चटका बसत नसे. आयुष्य तव्यापुढं गेलं की बोटं अशीच होतात, असं फिरदोसला वाटे.

मामू का टाळतात, हे तिनं मनाशी ताडलं होतं. त्यांचा आवाज आता पातळ होता, दुकानातल्या पोऱ्याला 'अतीक, चहा सांग रे' म्हणताना कधी कधी चिरकायचा. कॅसेटमधला तो खर्ज कुठून आणणार? लोक हसतील, ही भीती असणार. आणि त्या भीतीवर तिला आज सकाळी औषध सापडलं होतं.

"मामू, ऐका. विरेशअण्णांच्या शेडमध्ये प्लगला अर्थिंग नव्हतं ना?"

"न्हवतंच. गिटारला हात लावला की झिणझिण्या यायच्या."

"म्हणून सगळ्या गाण्यांखाली एक बारीक घरघर आहे. ती विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे घरघर पन्नासची हवी. मी मोजली. अडतीस भरली."

मामूंची खारी चहात तुटून पडली.

"म्हणजे रेकॉर्ड करताना टेपची मोटार जादा वेगानं फिरत होती," फिरदोस म्हणाली. "म्हणून साध्या टेपवर लावलं की सगळंच संथ आणि जाड ऐकू येतं. तुमची मोटार बिघडलेली होती, मामू!"

"माझ्या हातची मोटार?" मामूंच्या कपाळाला आठी पडली. "माझ्या हातची मोटार बिघडत न्हाय, पोरी."

"बरं, नसेल बिघडली. पण तो खर्ज खरा नव्हताच. तुम्ही आहे त्या आवाजात गायलात तरी चालेल. थांबा, वेग दुरुस्त करून ऐकवते."

"फिरदोस, ऱ्हाऊ दे."

"एकदाच. मग नाही म्हणा."

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

तिनं लॅपटॉपवर वेग वाढवला. अडतीसची घरघर पन्नासवर आणून ठेवली. गिटार जुळवायला मोबाइलवर सूर मोजायचं ॲप चालू केलं होतं, ते तसंच शेजारी पडलं होतं. तिनं बटण दाबलं.

ड्रम्स चपळ झाले. गिटार मोकळी झाली. मग गाणं सुरू झालं :

'उभा धागा, आडवा धागा, मधी माझं नाव न्हाय…
धोटा गेला, धोटा आला, अजून कापड झालं न्हाय…'

दुसऱ्या ओळीतला 'न्हाय' लांबत गेला. मोबाइलवर आकडा स्थिर झाला : दोनशे वीस.

स्पीकरमधून गात होती ती एक तरणी बाई.

फिरदोसनं गाणं थांबवलं. मामू तिच्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"मदिना," त्यांनी अम्मीला हाक मारली, "पोरगी विचारतीया. हौ का नको?"

मग तव्याच्या बाजूनं, न चाचरता, तीच ओळ आली, फक्त शेवट बदललेला :

'धोटा गेला, धोटा आला, आता कापड झालं हाय…'

मोबाइलवरचा आकडा : दोनशे वीस.