एरंडेलाची वाटी

एरंडेलाची वाटी घेऊन हेरंब मल्लखांबापाशी गेला. जोडीदारासाठी खांबाला तेल आपण लावायचं, ही त्यांच्या तालमीची रीतच होती. पण आठ वर्षं घाम गाळला हेरंबने, आणि स्पर्धेच्या यादीत वस्तादांनी पहिलं नाव घातलं ते परवा-परवा आलेल्या त्याच्या जोडीदाराचं, नकुलचं! हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. त्याने तेलात बोटं बुडवल्यासारखं केलं आणि कोरड्या फडक्याने खांब खसाखसा पुसून काढला.

नकुल चढला, उलटा झाला आणि सरसर खाली येताना मध्येच अडकला. लाकडाने छातीची साल काढली. तरी दात-ओठ खाऊन त्याने एकूण एक पकड पुरी केली. मैदान टाळ्यांनी दणाणलं.

आता हेरंबची पाळी. छातीवरचं रक्त तसंच ठेवून नकुलने वाटी उचलली आणि खांब वरपासून खालपर्यंत मनापासून चोळला.

"फार कोरडा होता रे," त्याच्याकडे न बघता तो म्हणाला. "तुझी साल निघायला नको."

हेरंबने खांबाला हात लावून नमस्कार केला. लाकूड हवं तेवढंच निसरडं होतं, ना कमी ना जास्त.

तेल चोळण्यातही हा पठ्ठ्या आपल्याला भारी पडला!