खोडलेलं प्रकरण

दिवंगत लेखकाच्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघणार होती. नायक बायकोला केसांना धरून जिन्यावरून ढकलून देतो, ते अख्खं प्रकरणच तरुण संपादिकेनं उडवलं आणि संमतीचा कागद लेखकाच्या पत्नीकडे पाठवला. दुसऱ्याच दिवशी म्हातारी स्वतः कार्यालयात येऊन थडकली. कागद तिनं टेबलावर आपटला.

"ते प्रकरण परत घाल. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

"काकू, काळ बदललाय. असलं काहीबाही आजच्या बायकांनी का वाचायचं?" संपादिकेचा आवाज चढला. "बाई असून तुम्ही मारहाणीची बाजू घेताय? लाज नाही वाटत?"

"बाजू?" म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला जिन्यावरून ढकललं, तेव्हा हिचा पाय घसरला म्हणून त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. माझ्या आईलासुद्धा तेच खरं वाटलं. मलाच सगळ्यांनी खोटारडी ठरवलं. मरेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही."

म्हातारीनं टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला.



"त्या माणसानं आयुष्यात एकदाच कबुली दिली होती, आणि नेमकी तीच तू खोडलीस."